दारावरचा तीन नंबर

त्या दारावर हिरव्या तेलरंगाने काढलेला तीनचा आकडा आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरलो. हा गुन्हा साधा चोरीचा होता आणि चोरही सापडला. तरी विसरता येत नाही, कारण चोर सापडण्याआधी मी भलत्याच माणसाच्या कानाखाली वाजवली होती. नावं कोणाचीच सांगणार नाही, ठाण्याचंही नाही.

कापसाचे भाव पडले होते ती वर्षं. यवतमाळच्या आसपासच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगांना एकामागून एक कुलपं लागत होती. खेड्यांतून माणसं शहराकडे येत होती आणि आली की आधी खोली शोधत होती. ज्याचं म्हणून स्लॅबचं घर होतं त्याने मागच्या परसात टिनाच्या खोल्यांची एक रांग उठवली होती. आमच्याकडे तिला लाईन म्हणतात. शहराच्या कडेला काल जिथे कपाशीची पराटी उभी होती तिथे चुन्याने रंगवलेले दगड रोवून प्लॉटांचे लेआउट पडत होते आणि रविवारी लोक बायकामुलांना घेऊन ते दगड बघायला जात होते. माझी बायकोही मला दोनदा घेऊन गेली. मी तिला म्हणायचो, सरकारी क्वार्टर आहे, डोक्यावर छप्पर आहे, कशाला लचांड? ती म्हणायची, क्वार्टर तुमच्या टोपीला दिलंय, आपल्याला नाही.

घर पाहावं बांधून, असं लोक म्हणतात. पोलिसाने घर पाहिलेलं असतं ते झडती घेऊन. कुडाचं, कवेलूचं, टिनाचं, स्लॅबचं, सगळ्या घरांत मी शिरलो आहे. कुडाच्या घरात लपवायला जागा नसते, स्लॅबच्या घरात फार असते. पण घरावरून माणूस ओळखता येतो, हा माझा समज या प्रकरणाने मोडला.

फिर्याद आली जुलैमध्ये. एका बंद जिनिंगचा व्यवस्थापक दोन-तीन महिन्यांनी आतली यंत्रं बघायला आला, तर चार विजेच्या मोटारी फोडून त्यातलं सगळं तांबं कोणीतरी काढून नेलेलं. गेटचं कुलूप शाबूत. मी तेव्हा फौजदार होतो, तपास माझ्याकडे आला. जिनिंगच्या चौकीदाराचा जबाब आधी घेतला. तो म्हणाला, "साहेब, मे महिन्यात मी चार दिस लग्नाले गेलतो. तवाच झालं असन." पत्ता विचारला तर त्याने उमरखेडकडचं आपलं गाव सांगितलं. मी तेच लिहून घेतलं. यवतमाळात तो कुठे राहतो हे विचारलं नाही. खोली करून राहणाऱ्याला पत्ता विचारला की तो खोलीचा सांगत नाही, गावाचाच सांगतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक असतो.

चार दिवसांनी खबर मिळाली. खबऱ्या हातगाडी चालवणारा होता. मे महिन्यात भर दुपारी जिनिंगच्या रस्त्यावर एका माणसाने त्याच्या गाडीवर दोन पोती चढवली होती. माणसाच्या तोंडाला दुपट्टा. उन्हाळ्यात आमच्याकडे निम्मं शहर दुपट्ट्यात असतं, त्यामुळे चेहरा कळला नाही. "मास्तरच्या लाईनीत तीन नंबरच्या दारात ठेवून दे, मी सायकलनं येतो," असं तो म्हणाला. दार बंद होतं. खबऱ्याने पोती टेकवली, थोडा थांबला आणि निघाला. पोती आकाराने लहान पण भयंकर जड, म्हणून त्याच्या लक्षात राहिली.

मास्तर म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. पुढे त्यांचं स्लॅबचं घर, मागे सहा खोल्या. गाडी घेऊन आम्ही सकाळी आठला पोहोचलो. सोबत दोन पंच आणि माझा हवालदार. हा हवालदार बंजारा, तांड्यात वाढलेला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि कमी बोलणारा. रस्त्याकडून दुसरी खोली तीन नंबरची होती. पहिलीवर सहा लिहिलेलं, तिसरीवर चार. नंबर ओळीने का नाहीत, हे माझ्या मनात आलं, नाही असं नाही. मास्तर मराठी शिकवत असतील, गणित नाही, असं म्हणून मी ते झटकून टाकलं.

तीन नंबरमध्ये राहत होता मोटार वायंडिंगचा मिस्त्री. शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून द्यायचा त्याचा धंदा. दुकान बाजारात, पण अर्धं काम घरी. त्यामुळे दार उघडलं तेव्हा समोर काय दिसलं असेल? तांबंच तांबं. नव्या तारेची रिळं, जुनी जळकी वेटोळी, पोत्यात भरलेले तुकडे. मला वाटलं, देव पावला. बिलं विचारली तर नव्या तारेची होती, जुन्याची कुठून असणार? त्याची बायको, तिला सगळी लाईन भाभी म्हणायची, दारात उभी राहून फक्त एवढंच म्हणाली, "साहेब, हे जळलेलं तांबं हाय. चोरीचं तांबं जळलेलं कायले राहीन?" सगळी लाईन दारात येऊन बघत असताना मिस्त्रीला गाडीत बसवलं.

ठाण्यात आल्यावर ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली, ‘चौकशीसाठी बोलावले’. मी भाडेकरूंच्या माहितीच्या फॉर्मांचा गठ्ठा मागवला. मास्तर या बाबतीत आदर्श नागरिक. दर अकरा महिन्यांनी सहाही भाडेकरूंचे नवे करार करायचे आणि सहाही फॉर्म ठाण्यात आणून द्यायचे. मी गठ्ठ्यातून मिस्त्रीचे तेवढे कागद काढले. बाकीचे उलटूनही पाहिले नाहीत. मिस्त्रीच्या कागदांवरून असं दिसत होतं की जूनपर्यंत तो पाच नंबरच्या खोलीत होता आणि जूनमध्ये तीन नंबरमध्ये आला.

मी कागद झाकून ठेवून विचारलं, "या खोलीत कधीपासून राहतो?"

"चार वर्सं झाली साहेब."

"याच खोलीत?"

"याच खोलीत."

चौकशीत माणूस छोट्या गोष्टीत खोटं बोलताना सापडला की मोठी गोष्ट आपोआप सुटते, असं आम्हाला शिकवलेलं. मी फॉर्म त्याच्यासमोर ठेवला. "मग हे काय? गेल्या महिन्यापर्यंत पाच नंबरमध्ये होतास. आत्ता तीनमध्ये आलास. चार वर्षं कुठून आली?"

आज विचार केला तर मीच चक्रावतो. माल मे महिन्यात तीन नंबरच्या दारात पडला आणि माझाच कागद सांगत होता की मे महिन्यात हा माणूस तीनमध्ये नव्हता. पण मला तेव्हा ते दिसलंच नाही. मला फक्त खोटं सापडलं होतं आणि त्याचाच आनंद होता.

त्याने कागदाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "कागदावर हललो असन साहेब. बिस्तर नाही हलला. नंबर बदलते, खोली नाही बदलत."

मला वाटलं, हा मला कोडी घालतोय. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हात उचलला. एकदाच मारलं, पण जोरात. त्यानंतर तो गप्प झाला. चोर मार खाल्ल्यावर बडबडतो, हात जोडतो, दुसऱ्याचं नाव घेतो. निरपराध माणूस बहुधा गप्प होतो. हे निरीक्षण मी पुढे तरुण पोरांना प्रशिक्षणात सांगत आलो. कुठून शिकलो ते कधी सांगितलं नाही.

दुपारी मास्तर आले. मला वाटलं, चार वर्षांच्या भाडेकरूसाठी दोन शब्द बोलायला आले असतील. त्यांना बसवून विचारलं, "मास्तर, हा कोणत्या खोलीत राहत होता?" त्यांनी चष्मा पुसला. "कागदावर आहे तेच खरं, साहेब." आणि मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "एक विचारू? तुम्ही याला आत टाकलं, तर खोली मला लगेच रिकामी मिळेल ना? भाडेकरू एकदा बसला की उठत नाही हो." वाईट माणूस नव्हते मास्तर. उभ्या आयुष्याची कमाई त्या सहा खोल्यांत घातली होती आणि प्रत्येक भाडेकरूत त्यांना उद्याचा मालक दिसायचा.

बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर भाभी डबा घेऊन बसली होती. मी गाडीकडे निघालो तेव्हा ती उठली. रडत नव्हती. म्हणाली, "साहेब, चोरी साबित होवो का न होवो, तुमची गाडी आज आमच्या दारात उभी राह्यली. मास्तर आता ठेवत नाहीत. अन् ज्याच्या दारात गाडी आली त्याले या शहरात दुसरी खोली कोन देईन? आधीच आमचं नाव ऐकून निम्मे लोक खोली खाली नाही म्हणून सांगतेत." मग म्हणाली, "मी चार वर्सांपासून यायले म्हणून राह्यली, आपलं घर करा, टिनाचं का होईना. हे म्हणे दुकान जवळ हाय, भाड्यानंच बरं. आता पाहा." मी तिला म्हटलं, तपास चालू आहे. पोलिसाला दुसरं काही सुचत नाही तेव्हा तो हेच म्हणतो.

ठाण्यासमोरच्या टपरीवर हवालदार चहा पीत होता. मीही मागवला. तो म्हणाला, "साहेब, एक सांगू का? आमच्या तांड्यात घराले नंबर नसते. पाहुना आला तं आम्ही सांगतो, चिंचेच्या इकडचं, नायकाच्या मागचं. नंबर कोनी बी पुसू शकते. चिंच कोन पुसन? खबऱ्याले नंबर नका विचारू. दारापुढं काय होतं थे विचारा."

मला आधी राग आला. हवालदाराने फौजदाराला शिकवावं, हे कोणाला आवडतं? पण चहा संपेपर्यंत राग निवला. खबऱ्याला बोलावून आणलं. विचारलं, पोती ठेवलीस तिथे दारापुढे काय होतं? तो पटकन म्हणाला, "हापसी होती ना साहेब. मी तोंडावर पानी मारलं, तिथंच उभा राहून. लई ऊन होतं."

मिस्त्रीच्या खोलीपुढे हापसी नव्हती. हापसी होती लाईनीच्या पार टोकाला, शेवटच्या खोलीसमोर. त्या खोलीवर आता एकचा आकडा लिहिलेला होता.

आम्ही परत गेलो. गाडी पाहून मास्तर धावत बाहेर आले. मी गाडीची किल्ली काढली आणि शेवटच्या दारावरचा एकचा आकडा खरवडला. हिरव्या रंगाखाली निळा रंग निघाला आणि निळ्या रंगात तीन. मग मिस्त्रीच्या दारावरचा तीन खरवडला. त्याच्याखाली पाच. पाचच्याही खाली काहीतरी होतं. मग मास्तरांकडून सगळं बाहेर आलं. एकाच खोलीत माणूस वर्षानुवर्षं राहिला की त्याचा हक्क लागतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. दर अकरा महिन्यांनी भाडेकरूंना सामान हलवायला लावलं तर ते सोडून जातील. म्हणून मास्तर माणसं हलवत नसत, दारावरचे आकडे हलवत. भाडेकरू नव्या करारावर सह्या करत आणि आपापल्या खोलीतच झोपत. कागदावर मात्र कोणीही कुठे अकरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "यात कोणाचं काय बिघडलं, साहेब?"

हवालदार तोवर मिस्त्रीच्या दारापाशी उकिडवा बसला होता. दाराशेजारी मेंदीचं झाड होतं, भाभीने लावलेलं. बुंधा मनगटाएवढा. "हे पाहा साहेब," तो म्हणाला, "ही काही जूनमंधी आलेली नाही." सकाळी मी त्याच झाडाला बूट घासून आत शिरलो होतो.

शेवटच्या खोलीत पंचांसमक्ष झडती घेतली. सकाळी आमची गाडी गेल्यावर रात्रपाळीहून परतलेला भाडेकरू झोपलेला होता. त्याने दार उघडलं आणि मला पाहून तो भिंतीला टेकला. तो जिनिंगचा चौकीदार होता. त्याचाही फॉर्म ठाण्यातल्या त्याच गठ्ठ्यात पडून होता, मी उलटला असता तर सकाळीच सापडला असता. खाटेखाली ढेपेच्या रिकाम्या पोत्यांआड तांबं होतं, चकचकीत, न जळलेलं, भाभीने सांगितलं होतं तसं. एका डब्यात मोटारींवरच्या नंबरांच्या चारही पट्ट्या होत्या. ओळख पटू नये म्हणून काढलेल्या आणि फेकायचा धीर न झालेल्या.

त्याला फार विचारावं लागलं नाही. लेआउटमध्ये प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर चार दगडांशिवाय काही नव्हतं. जिनिंग बंद पडली, आता नोकरीही जाणार. "किती दिस लोकाच्या टिनाखाली झोपू साहेब?" तो म्हणाला. "आपलं घर होईन म्हटलं." मी जबाब लिहून घेतला. स्वतःच्या घराची ओढ ही सबब म्हणून कायद्यात कुठेही बसत नाही. अटक केली, मुद्देमाल जप्त केला, गुन्हा उघडकीस आला. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

आता खरं सांगायचं ते पुढचं आहे. संध्याकाळी पाचला मी मिस्त्रीला सोडलं. म्हटलं, चोर सापडला, तू जा. तो उठला, पण गेला नाही. म्हणाला, "साहेब, सकाळी गाडीतून आणलं तं सगळ्या लाईनीनं पाह्यलं. सोडाले बी गाडीतूनच चला. अन् दारापाशी उभं राहून एकदा सांगा की गलतीनं आणलं होतं. बस, एवढंच."

मागणं काहीच नव्हतं. दहा मिनिटांचा रस्ता. मी म्हटलं, "गाडी बंदोबस्ताला गेली आहे." गाडी समोर आवारात उभी होती. त्यालाही दिसत होती, मलाही. त्याने गाडीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बायकोच्या हातातला न उघडलेला डबा घेऊन तिच्यासोबत पायी निघून गेला. मला लाज वाटली आणि लाज वाटते हे दिसू नये म्हणून मी उगाच एका शिपायावर ओरडलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. चोर तर मी सोडला नव्हता. पण संन्याशाला खाली उतरवून घ्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. करार संपण्याची वाट न बघता मास्तरांनी महिन्याभरात ती खोली रिकामी करून घेतली, असं हवालदाराकडून कळलं. पुढे माझी बदली झाली.

घर बांधायचं आमचं राहूनच गेलं. निवृत्त झालो, क्वार्टर सोडायची तारीख आली आणि बायको म्हणाली, "जिल्हाभर लोकांची घरं धुंडाळली, स्वतःचं एक नाही झालं." मुलगा पुण्याला बोलावत होता, पण तिला यवतमाळातच राहायचं होतं. मग वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी खोली शोधायला निघालो. घरमालक नाव विचारत, गाव विचारत, मग नोकरी. पोलीस म्हटलं की चेहरा बदलायचा. खोली आत्ताच दिली, भावाची बायको येणार आहे, रंगकाम काढलंय. एकाने तोंडावर सांगितलं, "पोलीस अन् वकील, या दोघांले मी देत नाही. बसले की उठत नाही." मला मास्तरांची आठवण झाली आणि बाकावर बसलेल्या भाभीचीही.

शेवटी हवालदारच कामी आला. तोही निवृत्त झालेला. कळंब रोडला एका घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, म्हणाला आणि आम्हा दोघांना घेऊन गेला. कोणाचं घर ते सांगितलं नाही. खाली वायंडिंगचं दुकान, वर दोन खोल्या, फाटकाशी मेंदीचं दाट कुंपण. दार भाभीने उघडलं. केस पिकले होते. मला तिने लगेच ओळखलं. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, "या. खोल्या पाहून घ्या."

बायकोला खोल्या आवडल्या. खाली येऊन मी विचारलं, करार अकरा महिन्यांचा का? भाभी म्हणाली, "किती बी दिस राहा. पन ठाण्यात फॉर्म देऊन या साहेब. अन् खरा भरा."

मी माझ्याच जुन्या ठाण्यात खिडकीपुढे रांगेत उभा राहिलो. फॉर्ममध्ये खोली क्रमांक विचारला होता. मिस्त्रीने एकाही दारावर नंबर टाकलेला नव्हता. मी लिहिलं, मेंदीच्या कुंपणाचं घर, वरच्या मजल्यावर. खिडकीतला शिपाई म्हणाला, "काका, नंबर लिहा, नाहीतर जमत नाही." मी त्याला म्हटलं, नंबर नाही, पाहिजे तर येऊन घर बघून जा. त्याने फॉर्म घेतला.

घर विकत घ्यावं की भाड्याने राहावं, असं लोक मला आता विचारतात, जसं काही निवृत्त पोलिसाला सगळंच कळतं. मला एवढंच कळलं की भाड्याच्या घरात छप्पर भाड्याने मिळतं, पण तिथली पत माणसाला स्वतः कमवावी लागते आणि दारात गाडी उभी करून ती काढून घेणारा माझ्यासारखा कोणीही असू शकतो. कागदावरून माणसाची सही कुठे आहे ते कळतं. माणूस कुठे राहतो ते जाऊनच बघावं लागतं.

आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशी टेम्पोभोवती गल्लीतली पाच-सात माणसं जमली, नवा भाडेकरू कोण ते बघायला. मिस्त्री आणि मी कपाटाची दोन टोकं धरून उतरवत होतो. मी माझं टोक खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी पोलिसात होतो. वीस वर्षांपूर्वी या माणसाला मी चोर समजून गाडीत घालून नेलं होतं. याने काही केलेलं नव्हतं. चूक माझी होती."

गल्लीतल्या कोणाला काही कळलं नाही. त्यांना ते प्रकरण माहीतच नव्हतं. भाभी वरच्या गॅलरीत उभी होती, ती आत गेली. मिस्त्रीने वाकून आपलं टोक उचललं आणि म्हणाला, "धरा साहेब. जिना अरुंद हाय, तुम्ही मागून या."